"वाढत्या अंगाचं दाखवा": ९ ते १४ वयाच्या मुलींच्या कपड्यांच्या दुकानाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कृष्णाकाठच्या एका शहरातलं हे कापड दुकान आहे. मी त्यांचा हिशोब आणि जीएसटीचं काम बघते त्यामुळे आत काय चाललंय ते मला महिन्याच्या महिन्याला दिसतं. नाव-गाव मुद्दाम देत नाही. मालकीणबाईंना गल्लीतले सगळे वहिनी म्हणतात, मीपण तेच म्हणते, आणि त्यांना विचारूनच हे लिहितेय. सासरे म्हणजे अण्णा, त्यांनी दुकान उभं केलं. अजून ते सकाळी गल्ल्याशेजारच्या गादीवर बसतात. आणि एक मामा आहेत, पंचवीस वर्षं काऊंटरला, गिऱ्हाईक पायरी चढलं की कुठला ढीग काढायचा ते त्यांना कळतं.

दुकानात आधी दोनच भाग होते, किड्स आणि लेडीज. किड्समध्ये फ्रॉक, सेट, लहान परकर-पोलकं, आणि लेडीजमध्ये कुर्ती, लेगिन्स, ड्रेस मटेरियल. मधलं काही नाही. आपल्याकडे बहुतेक दुकानांत अजून असंच आहे, आणि ते कुणाला खटकतही नाही कारण दहा-अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन आई आली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "वाढत्या अंगाचं दाखवा." म्हणजे दोन नंबर मोठं घ्यायचं, बाही दुमडायची, कमरेला पट्टी आत मारून आणायची, दोन वर्षं घालायचं. माझ्या आईनेही हेच केलं, मीही माझ्या मुलीसाठी हेच करत होते.

काय घडलं

मे २०२२, लग्नसराई. अकराएक वर्षांची मुलगी, तिच्या मामाच्या लग्नासाठी ड्रेस घ्यायला आईबरोबर आली. ट्रायल रूम म्हणजे काय तर जिन्याखाली दांडीला अडकवलेला पडदा, आणि तो पडदा एका बाजूला चार बोटं कमी पडायचा. मुलीला फ्रॉक खांद्यात अडकला, वर जाईना खाली येईना. बाहेरून आई "झालं का गं?" "अगं काय करतीयेस?" असं करतीये, दुकानात गर्दी, आणि मामा सहज म्हणाले, मोठ्याने, "मोठी झाली की आता, हिला लेडीजमध्ये न्या." दोन-चार बायका हसल्या. मामांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन, त्यांना स्वतःच्या तीन मुली आहेत. पण ती मुलगी बाहेर आली ती तिच्या जुन्या कपड्यात, दोन्ही हात छातीवर घट्ट धरून, आणि जी बाहेर पायरीवर जाऊन बसली ती परत आत आली नाही.

चार दिवसांनी तिची आई एकटी आली आणि वहिनींना बाजूला घेऊन म्हणाली की पोरगी आता कपडे घ्यायला कुठल्याच दुकानात यायला तयार नाही. ओरडली नाही, भांडली नाही. वहिनींना तेच जास्त लागलं.

अडचण नेमकी कुठे होती

पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं की प्रश्न मामांच्या बोलण्याचा आहे. तो होताच, पण वहिनींनी त्या फ्रॉकचा प्रश्न सोडला नाही. शेजारी शिवणकाम करणाऱ्या काकू आहेत, त्यांच्याकडे तो फ्रॉक नेला आणि विचारलं की मुलगी तर बारीक आहे, मग अडकला का. काकूंनी तो उलटा करून टेबलावर पसरला, काखेपाशी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, हा लहान पोरीच्या बेतावर कापलाय, फक्त लांब केलाय. लहान मुलीचं अंग वरपासून खालपर्यंत सरळ, म्हणून पुढच्या भागाला टक्स, म्हणजे छातीपाशी गोलाई द्यायला घेतलेल्या चुण्या, नाहीत, मुंढा म्हणजे बाही जोडायचं भोक अरुंद, आणि शिवणीत माया, म्हणजे आत राखलेलं जादा कापड, म्हणाल तर जेमतेम पाव इंच, म्हणजे उसवून सोडायलाही काही नाही. वयात येणाऱ्या मुलीने तो घातला की पुढून उचलला जातो, कंबर वर सरकते, आणि मागून मात्र ढगळ दिसतो.

वाढत्या अंगाचं म्हणून मोठा नंबर दिला की खांदा उतरतो, गळा खाली येतो, आणि अडचण जिथे आहे तिथे तशीच राहते. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मुलींचं वयात येणं साधारण ८ ते १३ च्या दरम्यान कधीही सुरू होतं. छातीची वाढ हे बहुतेक वेळा पहिलं लक्षण, आणि पाळी त्यानंतर साधारण दोन-अडीच वर्षांनी येते. उंची झपाट्याने वाढते तीही याच काळात. म्हणजे पाचवीच्या एका वर्गात एकाच वयाच्या दोन मुली, एकीला अजून फ्रॉक नीट बसतोय आणि दुसरी त्यातून कधीच बाहेर पडलीये, आणि दोघीही अगदी व्यवस्थित आहेत. आणि दुकानदार विचारतो काय, "वय किती?" त्यात नंबराचा गोंधळ वेगळा. एका कंपनीचा ३२ दुसऱ्या कंपनीच्या ३४ एवढा. मग मुलीला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं, आपण जाड झालो.

लेडीजमध्ये पाठवणं हाही उपाय नव्हता. एक्सएस कुर्तीचा गळा खोल, मुंढा खाली, छापा मोठा. अकरा वर्षांची मुलगी त्यात आईचा ड्रेस घातल्यासारखी दिसते आणि तिला ते कळतं.

काय काय पर्याय होते

जून महिन्यात यावर घरात आणि दुकानात खूप चर्चा झाली, आकडे मांडायला मला बोलावलं म्हणून मी दोनदा हजर होते.

आहे तसं चालू ठेवायचं आणि मामांना फक्त सांगायचं, हा अण्णांचा कौल. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. ते म्हणाले, हे गिऱ्हाईक चार वर्षांचं, नवव्या वर्षी येणार, तेराव्या-चौदाव्याला जाणार, त्यासाठी वेगळा माल भरायचा, वेगळी जागा अडवायची, आणि आवड तर दर सहा महिन्यांनी बदलणार, पडून राहिलेला माल कोण उचलणार? वहिनींनी एवढंच विचारलं, "अण्णा, चौदाव्या वर्षी ती जाते कुठे? आपल्याकडेच ना, लेडीजला. आता रुसून गेली तर तेव्हा तरी येईल का?"

दुसरा पर्याय होता ब्रँडची फ्रँचायझी. डिपॉझिट, ठराविक चौरस फूट, एसी, सगळं त्यांच्या नियमाने. मी आकडे मांडले आणि तो विषय तिथेच संपला. तिसरा, क्लासेसच्या गल्लीत वेगळा गाळा घ्यायचा, फक्त मुलींचं दुकान. वहिनींचं मन याच्यावर होतं.

त्याचं कारण त्यांची नणंद. ती न्यू जर्सीला असते, आणि तिची मुलगी लहान असताना सुट्टीत यायची तेव्हा अंगावर चमचमता टीशर्ट असायचा, 'जस्टिस' नावाच्या दुकानातला. ते दुकान म्हणजे मॉलमध्ये फक्त या वयाच्या मुलींचं, गुलाबी-जांभळं, कपडे, पर्सा, वह्या, आतले कपडे सगळं एका छताखाली. त्याची गोष्ट वहिनींनी नणंदेकडून खोदून खोदून काढली, आणि मीही वाचली. द लिमिटेड या अमेरिकन कंपनीने १९८७ मध्ये 'लिमिटेड टू' हा मुलींचा भाग काढला, १९९९ मध्ये त्याची वेगळी कंपनी झाली, २००४ मध्ये त्यांनी स्वस्तातलं 'जस्टिस' सुरू केलं, आणि पुढे ते इतकं चाललं की २००८ मध्ये जुनी लिमिटेड टू ची दुकानंही जस्टिस करायचं ठरलं. आणि मग २०२० मध्ये जस्टिसची तेव्हाची मालक कंपनी दिवाळखोरीत गेली, दुकानं बंद झाली, नाव विकलं गेलं, आता तो माल वॉलमार्टमध्ये मिळतो.

मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटली. जस्टिसमध्ये ४० टक्के सूट सदानकदा चालू असायची, इतकी की गिऱ्हाइकांनी कोर्टात केस केली की ही सूट खरी नाहीच, हीच तुमची रोजची किंमत आहे, आणि २०१५ मध्ये कंपनीने ५ कोटी डॉलरच्या वर रकमेची तडजोड केली. आईला एकदा सवय लागली की बोर्ड नसेल त्या दिवशी ती घेतच नाही. आपल्याकडेही बाजारपेठेत 'फ्लॅट ५०' चे बोर्ड बारा महिने लटकलेले असतात. वहिनींनी तेव्हाच ठरवलं, एकच भाव, वर्षातून एकदा सेल, आणि तोही फक्त उरलेल्या मालावर.

गाळ्याचं भाडं मी हिशोबात धरलं तेव्हा दिवाळी आणि लग्नसराई सोडून बाकी महिने तोट्यातच दिसत होते. शेवटी चौथा पर्याय निघाला, वरच्या पोटमाळ्यावर आठ बाय दहाची जागा मोकळी करायची आणि तिथे फक्त हा एक भाग. गणपतीच्या आधी, ऑगस्ट २०२२ मध्ये तो सुरू झाला.

काय केलं

सगळ्यात आधी ट्रायल रूम, तीही पोटमाळ्यावरच. पडद्याऐवजी प्लायचा दरवाजा, आतून कडी, खुंट्या तीन, कारण एका खुंटीवर अंगातले आणि नवे कपडे एकत्र लटकवले की मुलगी गोंधळते. आरसा आत. आधी आरसा बाहेर होता म्हणजे बघायचं तर सगळ्यांसमोर यायला लागायचं. पोटमाळ्यावर सीसीटीव्हीचा एक कॅमेरा होता, त्याचं तोंड ट्रायल रूमच्या बाजूला नव्हतं, पण दारात उभ्या असलेल्या आईला ते कसं कळणार? तो काढून जिन्याच्या तोंडाशी लावला. या सगळ्याचा खर्च पहिल्या मालापेक्षा कितीतरी कमी आला आणि मला विचाराल तर सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला.

मग माप. वय विचारायचं नाही. वहिनी किंवा तिथे कामाला असलेली मुलगी टेप घेते, अंगातल्या कपड्यांवरूनच, छाती-कंबर-उंची, आणि आकडा तोंडाने म्हणायचा नाही. चिठ्ठीवर लिहायचा आणि चिठ्ठी मुलीच्या हातात द्यायची, आईच्या नाही. रॅकवर प्रत्येक कपड्याला दुकानाने स्वतः मोजून इंचाचं लेबल लावलं, कंपनीचा नंबर काही का असेना. पहिल्या महिन्यात मी एका मुलीला बघितलं, चिठ्ठी मुठीत धरून ती स्वतः रॅकवर लेबलं जुळवत होती, आई मागे उभी, आणि आईला काही विचारत नव्हती.

आतल्या कपड्यांचं वहिनींनी फार विचाराने केलं. आधी शमीज आणि बिगिनर ब्रा लेडीजच्या खालच्या ड्रॉवरमध्ये असायच्या, आई कुजबुजत मागायची, मामा तोंड फिरवून कागदात गुंडाळून द्यायचे. म्हणजे मुलीला पहिला धडा काय मिळतो की हे लपवायचं असतं. आता पोटमाळ्यावर रॅकच्या एका खणात तिरुपूरचा होजिअरीचा माल, साध्या सुती, पॅड नसलेल्या, मापाप्रमाणे, बाकीच्या कपड्यांसारख्याच ठेवलेल्या. काही आयांनी नाक मुरडलं. वहिनींनी खण हलवला नाही.

बोर्डवर 'प्रिन्सेस कॉर्नर' लिहायचं होतं, पण दुकानात आलेल्या दोन मुलींना दाखवल्यावर दोघीही म्हणाल्या हे बाळांचं वाटतं. मग नुसतं '९ ते १४'.

जिथे अडखळलो

पहिला माल चुकला आणि यात माझाही हात आहे, कारण एजंटचं बिल मी बघितलं होतं आणि एक शब्द बोलले नाही. मुंबईहून १८० पीस आणले, चमकी, खांदा उघडे टॉप, आखूड क्रॉप टॉप, छातीवर इंग्लिश वाक्यं. मुली धावल्या, आया थांबल्या. ट्रायल रूमच्या दारात रोज एक भांडण. आणि चमकीच्या आतून अस्तर नव्हतं, दहा मिनिटांत काखेत टोचायला लागायचं, म्हणजे ज्यांनी हट्टाने नेला त्यांनीही परत आणला. दिवाळी झाली तरी ७० उरले. होलसेलवाले माल सेटमध्ये देतात, २८ पासून ३६ पर्यंत प्रत्येकी एक, आणि आमच्याकडे जायचे ३४ आणि ३६, ते पहिल्या आठवड्यात संपले, मागे राहिली बारकी मापं, जी मुळात खाली किड्समध्ये मिळतच होती.

यावर वहिनींनी जे केलं ते मला मनापासून आवडलं. त्यांनी आई आणि मुलगी दोघींना एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली, "या कपड्यात तू काय काय करणार आहेस?" सायकल, कथ्थकचा क्लास, गॅदरिंग, आजीकडे जाणं. भांडण लांबीवरून निघून वापरावर आलं. आणि उत्तरं ऐकता ऐकता एक गोष्ट परत परत यायला लागली, ती म्हणजे खिसा. मुलींना खिसा हवा होता. एकीने का ते सांगितलं, शाळेत पाळी आली तर पॅड ठेवायला जागा नसते, दप्तर घेऊन बाथरूमला गेलं की सगळ्यांना कळतं.

त्यानंतर अर्धा माल इथेच शिवून घ्यायला सुरुवात केली. कापड इचलकरंजीचं, शिवण काकू आणि त्यांच्या ओळखीच्या दोन बायका. साधी कुर्ती, पुढे छोटे टक्स, बाजूच्या शिवणीत एक इंच माया, दोन्ही बाजूला खोल खिसे. खणाचा स्कर्ट आणि वर सुती टॉप, कमरेला मागून इलॅस्टिक. वाढत्या अंगाचं हवं ना, मग माया उसवून एकदा फुकट सोडून देऊ, पण आज अंगाला नीट बसेल असंच घ्या, असं वहिनी सांगायच्या. आयांना हे पटलं, कारण त्यांची पैशाची काळजी खरी होती आणि तिला उत्तर मिळालं.

दुसरी चूक जास्त गंभीर. डिसेंबरमध्ये दुकानातल्या मुलीने एका गिऱ्हाईक मुलीचा नव्या ड्रेसमधला फोटो काढून दुकानाच्या स्टेटसला टाकला. आईला विचारलं होतं, ती हो म्हणाली होती. संध्याकाळी वडिलांचा फोन आला, त्यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी तो फोटो त्यांनाच दाखवला होता. फोटो लगेच काढला, वहिनींनी घरी जाऊन माफी मागितली. तिथे कळलं की ज्या मुलीचा फोटो होता तिला कुणीच विचारलं नव्हतं. तेव्हापासून मुलींचे फोटो बंद, कपडा हँगरवर किंवा पुतळ्यावर. पुढे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आला, त्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं आहे, पण वहिनींचा नियम त्याच्याही पुढचा आहे, आई हो म्हणाली तरी नाही.

निकाल

भाग चालू आहे. श्रीमंत कुणी झालं नाही. पहिल्या चुकलेल्या मालाचा खड्डा भरायला जवळजवळ दोन वर्षं गेली. स्वस्तातला टॉप लोक मीशोवरून मागवतात किंवा झुडिओत घेतात, तिथे आपण पुरे पडत नाही आणि वहिनींनी तो नाद सोडलाय. जे टिकलं ते रोजचे कपडे, आतले कपडे आणि सणाचा एक चांगला ड्रेस. परत येणारा माल खूप कमी झाला, हे मला बिलांवरून स्पष्ट दिसतं. आणि अण्णांनी ज्यावर बोट ठेवलं होतं त्या चार वर्षांचं म्हणाल तर पहिल्या वर्षी आलेल्या काही मुली आता खाली लेडीजमध्ये येतात, बरोबर धाकट्या बहिणी वर जातात.

कराचं एक सांगते, कारण त्याने भाव ठरवायला फरक पडला. आधी १००० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि वर १२ टक्के जीएसटी होता, म्हणून खणाचा सेट आम्ही स्कर्ट आणि टॉप वेगवेगळे करूनच विकायचो. २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० पर्यंत ५ टक्केच आहे, त्यामुळे अस्तर लावून पूर्ण सेट एकत्र देता येतो.

परत करायचं झालं तर

माल उशिरा आणि थोडा. आधी ट्रायल रूम, माप, आणि दोन महिने नुसतं मुलींना विचारणं. १८० ऐवजी ४० पीस, तेही सेट फोडून देणारा व्यापारी शोधून. हे सोपं आहे, पुढच्या वेळी कुणीही करेल.

मामांचं मात्र मला अजून लागून राहिलंय. वहिनींनी त्यांना काही न बोलता लेडीजच्या मागच्या गोडाऊनला टाकलं, त्यांना वाटलं असं केलं म्हणजे वाद टळेल. मामा सहा महिने गप्प होते, डबाही एकटे खायचे. शेवटी त्यांनीच विचारलं, "वहिनी, माझं काय चुकलं ते तरी सांगा." सांगितल्यावर ते बराच वेळ खाली बघत बसले आणि म्हणाले की माझ्या थोरलीने पण मध्ये दोन वर्षं माझ्याबरोबर बाजारात यायचं बंद केलं होतं, मला कारण कळलं नव्हतं. हे बोलणं मे महिन्यातच व्हायला हवं होतं, त्याच आठवड्यात. आता मामा परत काऊंटरला आहेत आणि आईने "वाढत्या अंगाचं" म्हणायच्या आत ते जिन्याकडे बघून हाक मारतात, "वहिनी, टेप."

एक गोष्ट अजून अर्धवटच आहे. पोटमाळ्याचा जिना उभा आहे, आज्यांना चढवत नाही, आणि नातीला कपडे घ्यायला आपल्याकडे निम्म्या वेळा आजीच येते. मागच्या महिन्यात एक मुलगी पायाला प्लास्टर घालून आली, तिला खालीच बसून राहावं लागलं, कपडे वरून एकेक आणून दाखवले. ट्रायल रूम आणि हा रॅक खाली आणायचा तर जागा एकच आहे, अण्णांच्या गादीची. वहिनींनी अजून विषय काढलेला नाही. मी दिवाळीच्या आत बोला म्हणून मागे लागलीये, कारण एकदा माल आला की खाली वीतभरही जागा उरत नाही.